हिराची जागा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर ही गोष्ट मी कुणाजवळ काढत नाही.

त्या दुपारी मी रोडपालीला गुणाबाईंच्या तबेल्यात घोडीचं रक्त घ्यायला गेले होते. वरातीचे चार घोडे त्यांचे. ग्लँडर्सची, घोड्यांचं नाक वाहायला लावणाऱ्या जीवघेण्या संसर्गाची, साथ आली आणि पंधरा दिवसांत तीन गेले. पॉझिटिव्ह आलेल्या घोड्याला कायद्याने झोपवावंच लागतं. तिन्ही इंजेक्शनं मीच दिली होती. पहिलं हिराला. मागे उरली होती तिची चार वर्षांची लेक, चिमणी. तिचा पहिला रिपोर्ट संशयास्पद आला होता.

तबेल्यात चुन्याचा आणि फिनेलचा वास कोंडला होता. बाहेर लोखंड बाजाराचे ट्रक अखंड चालू होते, पण पत्र्याखाली पाऊल टाकलं आणि तो आवाज कुठल्या कुठे गेला. चिमणी कोपऱ्यात उभी. समोर सिमेंटची कुंडी पाण्याने काठोकाठ भरलेली.

“पाणी पीत नाही का?”

“यातलं नाय पीत, डाक्टरीनबाय. हिरा गेली त्या दिसापासून. बाहेर बादलीत दिलं की पिते.” गुणाबाईंचा आवाज खाली आला. “तिची आय मदी उबी रवते...”

मी रक्त घेतलं आणि चिमणीला दोरीने कुंडीकडे नेऊ लागले. दोन पावलं आली आणि थांबली. मान खाली घातली, जणू कुणाच्या तरी मानेखाली शिरावी तशी. तेवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी श्वास सोडला. ओला, चोंदलेल्या नाकाचा. चिमणीचं नाक तर कोरडं होतं... मग माझा खांदा हळूच, पण जोराने, मागे रेटला गेला.

मी कुंडीकडे पाहिलं आणि तेव्हा कुठे ध्यानात आलं. तिन्ही आजारी घोडे याच कुंडीत तोंड घालायचे. ती फोडून टाका, हे सांगायचं मीच विसरले होते.

संध्याकाळच्या आत कुंडी फोडली. आठवड्याने रिपोर्ट आला, निगेटिव्ह. तीन आठवड्यांनी पुन्हा निगेटिव्ह. फोनवर गुणाबाई नुसत्या रडत होत्या. मीही. कितीतरी दिवसांनी त्या रात्री मला गाढ झोप लागली.

घोडे हलवण्यावरची बंदी उठल्यावर चिमणीला उरणला, गुणाबाईंच्या भावाकडे न्यायला टेम्पो आला. ती आपणहून चढली आणि एका कडेला चिकटून उभी राहिली. उरलेली अर्धी जागा मोकळी. तिथलं नुकतंच अंथरलेलं गवत सारखं करायला मी हात घातला.

ते दबलेलं होतं, आणि सावलीत असूनही उबदार लागलं.