दोन वावरं, एक दोर

खलफ राखणदाराला पाटलाच्या अंगणात खजुराला बांधलं होतं. दुपारी पोलीस येणार होते. विधवा नईमाच्या वावरातले बरसीम घासाचे नऊ भारे त्याने चोरले, असा आळ होता.

सकाळी त्याच्या कानाखाली वाजवणारे बायूमीकाका आता वहबा एफेंदींशेजारी मान ताठ करून बसले होते. गावच्या जमिनींची सगळी मोजणी काकांकडे. खलफच्या हातांचा दोरही मोजणीचाच.

वहबा शहरात गुन्ह्यांचा छडा लावणारे, काकांचे जुने मित्र. चहात चौथा चमचा साखर घालून ते नईमाकडे वळले.

"चोरीच झाली कशावरून, ताई?"

"दिराच्या वावरात पंचवीस भारे निघाले, माझ्यात सोळा! जमीन सारखी, पाणी सारखं, बीसुद्धा सारखं. माझं बी तर पेरून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उरलं."

"म्हणून पीक विरळ आलं?"

"छे! दिराच्याइतकंच दाट."

दीर शिहाता गुरगुरला, "माझ्याकडे काय बघता? मी चौकोनी वावर घेतलं, तिला कालव्याकाठची पट्टी गेली. वाटणी पंचांसमोर झालीय."

वहबा खलफकडे गेले.

"साहेब, रोज दोन्ही वावरांना फेरी घालतो. पावलं सारखीच भरतात. चोरून कापल्याची खूण कुठेच नाही."

"चोराच्या उलट्या बोंबा!" काका म्हणाले.

"बायूमी, वाटणी कशी केलीस?"

"बापजाद्यांच्या रीतीने. जितका दोर, तितकी जमीन. एक दहा-दहा काठ्यांचा चौकोन, एक सोळा-चारची पट्टी. दोन्हीभोवती चाळीसच काठ्या. बोटाचा फरक नाही!"

"मग खलफच्या हातांचा तो दोर सोड."

वहबांनी दोराची टोकं बांधली, जमिनीवर चौकोन मांडला आणि घरातून मागवलेल्या वालाच्या दाण्यांचा एक थर आत पसरला. मग त्याच दोराची लांबट पट्टी केली आणि तेच वाल तिच्यात भरले. पट्टी भरली, तरी मोठी मूठ बाहेर उरली.

"कड तेवढीच, पोट लहान," ते म्हणाले. "दहा दाहे शंभर, सोळा चोक चौसष्ट. शंभरात पंचवीस भारे, तर चौसष्टात सोळाच. बी म्हणूनच उरलं. काडीही चोरीला गेलेली नाही."

"मग चूक कोणाची?" नईमाने विचारलं.

वहबा जमिनीवरचे वाल गोळा करू लागले. काकांना लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात गर्दी होती, त्यातल्या निम्म्यांची वावरं त्यांनीच मोजलेली.

"दोर मी धरला होता," ते कसंबसं म्हणाले. "आणि हातही मीच उचलला. खलफ, माफ कर रे."

खलफने गाठ सोडून दोर नीट गुंडाळला. त्याच्या मनगटांवर वळ उठले होते.

"घ्या काका, तुमचा दोर."

काकांना हात पुढे करवेना.