बरा न होणारा खांदा

मोखाड्याची जीप भरल्याशिवाय हलत नाही, हे जव्हारच्या शेंबड्या पोरालाही माहीत. शिरीन शिकायला ठाण्याला गेली आणि तेवढं विसरली. पुढच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन ती ताटकळत बसली होती. ड्रायव्हर टपावरची दोरी आवळायला गेला... डाव्या हातानं. उजवा छातीच्या वर जाईचना.

"खांदा कधी निखळला?" तिनं खिडकीतून विचारलं.

तो चमकलाच. "दिवाळीत. टपावरून पडलो. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या हातानंच. बसवून घेतलात आणि हात नुसता गळ्यात अडकवून ठेवलात, हो ना? आखडला तो."

"मग आता हो, मॅडम?"

"आता व्यायाम. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दर बाजाराला मोखाड्यात संस्थेच्या खोलीत बसणार आहे. या तुम्ही, आदिलभाई." नाव तिनं जीपच्या काचेवर वाचलं होतं.

"येतो की... पण भाई नका म्हणू. बाकी काहीही म्हणा!"

मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. शिरीननं खिडकीबाहेर तोंड फिरवलं, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या त्या झाल्याच.

आता या पोरीच्या डोक्यात काय चाललं होतं, ते सांगायला हवं. मुंबईच्या एका संस्थेनं तिला फिरती नोकरी देऊ केली होती. तीन महिने मेळघाट, तीन महिने गडचिरोली, मग धाडतील तिथे. जिथे फिजिओथेरपी हा शब्दही पोचलेला नाही, तिथे जाऊन लोकांना उठवायचं, चालवायचं. मार्चअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. अम्मीनं, म्हणजे शहरबानोनं, ऐकल्या ऐकल्या कपाळाला हात लावला. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! पोरीच्या जातीला शोभतं का हे?" अब्बांचं कापडाचं दुकान. ते गिऱ्हाइकाला म्हणतात तसंच म्हणाले, "तुझं तू बघून घे."

शिरीनला जायचं होतं, अगदी मनापासून. पण कॉलेजात तिच्या मागे कायम कुणीतरी जाणतं उभं असायचं. तिकडे जंगलात कोण उभं राहणार? म्हणून तिनं ठरवलं, संस्थेची मोखाड्यातली खोली मागून घ्यायची आणि हिवाळाभर तिथे एकटीनं काम करून बघायचं. हाताला गुण आहे की नाही, ते कळेलच.

तर आदिल यायला लागला. व्यायाम साधा होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत हात वर न्यायचा. जिथे पोचेल तिथे शिरीन कोळशानं रेघ मारायची.

"अजून थोडा वर."

"आई गं! मॅडम, जीव घ्याल."

"एवढ्यानं जीव जात नाही कुणाचा."

"तुम्ही इतक्या जवळ उभ्या राहिलात तर... जाईल."

"भिंतीकडे बघा!"

"भिंतीत काय बघण्यासारखं आहे?"

ती रागावल्यासारखं करायची. पण बाजाराच्या दिवशी ओढणी निवडायला तिला उशीर व्हायला लागला होता, आणि ते शहरबानोच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

पहिल्या दोन खेपांना रेघ भराभर वर सरकली. मग जी अडली, ती अडलीच. शिरीननं शेक दिला, पुस्तकं उलटीपालटी केली, ठाण्याला मैत्रिणीला फोन करून विचारलं. रेघ ढिम्म हलेना. बाकीच्यांना गुण येत होता, नाही असं नाही. अर्धं अंग लुळं पडलेली फागी काठी टेकत चालायला लागली. पण फागी म्हणाली, "भगतानं अंगारा लावला ना बाय, त्याचा गुण आला." उरला आदिल. तरणा गडी, सरळसाधं दुखणं... तोच बरा होईना, तर मेळघाटात ही काय दिवे लावणार?

मार्चच्या शेवटच्या बाजाराला ती लवकरच्या एसटीनं मोखाड्यात उतरली. एसटीडी बूथवरून मुंबईला फोन करायचा आणि नाही म्हणून टाकायचं, मग खोली उघडायची. रात्री उशी भिजवून झाली होती. आता रडायलाही काही शिल्लक नव्हतं.

बूथसमोर आदिलची जीप उभी होती. आदिलनं खाली वाकून तांदळाची गोणी उचलली, दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि टपावर भिरकावली. मग दुसरी. वर शीळ घालत!

शिरीन जागीच थिजली. मग जी चालून गेली, की टोपल्या घेऊन बसलेल्या बाया बाजूला सरल्या.

"कधीपासून?"

आदिलच्या हातातली तिसरी गोणी धपकन खाली पडली. "मॅडम... तुम्ही इतक्या लवकर?"

"कधीपासून बरा आहेस, ते सांग!" अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं.

"तिसऱ्या बाजारापासून." त्यानं मान खाली घातली. "बरा झालो म्हणालो असतो तर तुम्ही म्हणाला असता, आता येऊ नका."

"आणि मी काय समजले ठाऊक आहे? माझ्या हातात काही नाही असं समजले. आत्ता फोन करून ती नोकरी सोडायला निघाले होते!"

तो पांढराफटक पडला. नोकरीचं त्याला माहीत होतं, पण तिचा हो-नाही त्याच्या खांद्यावर लटकला होता, हे त्या येड्याला कुठून कळणार?

"शप्पथ, मला नव्हतं माहीत. मला तुम्ही आवडता, एवढंच... माझी अक्कल तिथेच संपली."

शिरीनला राग आला होता, भयंकर आला होता. पण त्या रागाच्या खालून आनंदाची उकळी फुटत होती. खांदा बरा झाला होता! तिच्या हातांनी, तिसऱ्याच खेपेला! आणि पुढचं, ते 'आवडता' म्हणालेलं... त्याचं काय करायचं?

"फोन अजून केलेला नाही," ती हळूच म्हणाली. "मलाही तू आवडतोस. थांब म्हणालास तर थांबेन."

हे तिनं खरंच म्हटलं की त्याला जोखायला, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. जीपमधून कुणीतरी ओरडलं, "आदिल, निघायचं का मुक्काम करायचा?" आदिलनं तिकडे पाहिलंही नाही.

"जा तुम्ही," तो म्हणाला. "मला फार वाईट वाटेल. पण जा."

ती बूथमध्ये शिरली. हो म्हणाली, खणखणीत आवाजात. बाहेर आली तर तो तसाच उभा होता.

"एक तारखेला मेळघाट," ती म्हणाली. "त्याआधी तुझ्या अम्मीला आमच्याकडे पाठव. आणि निकाह झाला तरी मी जाणार म्हणजे जाणार, हे त्यांना आधीच सांगून ठेव."

आदिल नुसता मान हलवत राहिला. मग त्यानं घाईघाईनं तोंड फिरवलं.

"रडतोयस का?"

"नाही."

"आदिल, पुन्हा खोटं?"

"रडतोय," आदिल म्हणाला.