पावतीवरची तीन माणसं

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. उलट यातलं निम्मं पाप माझं आहे, तेव्हा गप्प बसण्यातच माझा फायदा होता. सत्तावीस वर्षं बसलोही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे. गाव नेवासा. ऑक्टोबर १९९६, गुरुवार.

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं टेबल होतं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, संमतीपत्रं... अख्ख्या तालुक्याचा खरेपणा मीच टाइप करायचो.

माझा दोस्त तुषार वर्षभर गावात सांगत सुटला होता, की तो आणि मी, म्हणजे माधव, मोटरसायकलवर नेपाळला जाणार, पशुपतिनाथाला. गाडी मात्र त्याची नव्हती. ती त्याच्या चुलत्याची होती, कारभारीनानांची. जुनी राजदूत. दुसऱ्याची गाडी सरहद्दीपलीकडे न्यायची तर मालकाचं संमतीपत्र लागतं. स्टॅम्पपेपरवर, नोटरीच्या शिक्क्याचं.

नाना लकव्यानं अंथरुणाला खिळले होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड. पण नाही म्हणण्यापुरती जीभ शाबूत होती.

"माझ्याबिगर गाडी शीव वलांडायची न्हाई."

"नाना, तुमाला उठून बसता यीना. न्यायचं कसं?"

"मंग ऱ्हाऊ दे."

आम्ही बाहेर येऊन हसलो.

तुषार काही हटला नाही. त्या गुरुवारी टाइप केलेला कागद घेऊन मी त्याच्या घरी गेलो. माणूस आजारी असला की नोटरीचा कारकून पुंजाराम घरी यायचा, मालकाला डोळ्यांनी बघायचा, मगच शिक्का मिळायचा. तो एक वाजता येणार होता.

तुषार दारातच भेटला.

"नाना गेले," तो हळूच म्हणाला. "दहा वाजता."

घरात रडण्याचा आवाज नव्हता.

"आत्याला सांगितलं न्हाई. पुंजाराम यून जाऊ दे."

मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. फिरलो नाही.

मालनआत्या ही नानांची थोरली बहीण. आईबाप गेलेल्या तुषारला तिनंच वाढवलेलं. दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेले होते, सगळा कारभार कानांवर. ती नानांच्या पायाशी बसून तळवे चोळत होती.

"पाय लई गार पडल्यात रे. घोंगडी टाक."

"टाकतो आत्या. झोपू दे त्यांला."

थोड्या वेळानं तिनं चाचपडत चमच्यानं पेज भरवली. ती नानांच्या गालावरून खाली आली. तुषारनं टॉवेलनं पुसली. "पेली का?" आत्यानं विचारलं. तो म्हणाला, "पेली."

पुंजाराम आला. उंबऱ्याच्या आतही आला नाही.

"काका, राजीखुशीनं देताय ना गाडी?"

तुषारचा हात उशीखाली होता.

नानांची मान हलली. खाली-वर... दोनदा.

पुंजारामचं समाधान झालं. पुरुषाचा डावा अंगठा घेतात. मनगट मी धरलं, शाईत दाबलं, कागदावर दाबलं. ठसा उत्तम उठला.

"काय चाललंय?" आत्यानं विचारलं.

"गाडीचा कागद. नाना व्हय म्हनले."

"मला ठावं हुतं. त्याची माया हाय तुज्यावर," ती म्हणाली, आणि पुन्हा तळवे चोळायला लागली.

तीन वाजता तुषारनं हंबरडा फोडला. चांगला मोठा.

तेरावा उरकला आणि चौदाव्या दिवशी आम्ही निघालो. मला त्या कागदाची लाज वाटत होती, पण नगरपलीकडचं जग मी पाहिलं नव्हतं. लाजेवर हौस भारी पडली.

सहाव्या दिवशी भर दुपारी सोनौलीला पोचलो. सरहद्दीवरच्या खिडकीतल्या कारकुनानं कागद वाचला. मग मान वर करून आमच्या मागे पाहिलं.

"मालिक साथ में हैं, तो चिट्ठी क्यों बनवाई?"

आम्ही वळलो.

मागे फक्त गाडी उभी होती. उन्हात, स्टँडवर. पण सीटचा मागचा भाग... दबलेला होता.

कारकुनानं पावती फाडून दिली. गाडी एक. माणसं तीन.

"सरकारी चूक," म्हणून तुषार हसला. कारकून थट्टा करत नव्हता, म्हणून मला हसू आलं नाही.

नेपाळात काही घडलं नाही. दर्शन झालं, पोटभर हिंडलो. मी पावती विसरूनही गेलो.

परतताना खिडकीत दुसराच माणूस होता. त्यानं पावती पाहिली, आम्हाला मोजलं.

"तीसरा?"

"तिसरा नव्हताच," तुषार म्हणाला.

"तीन आए, दो जा रहे हो. तीसरे को कहाँ छोड़ा? थाने चलो."

दोन तास हुज्जत चालली. गाडी जप्त होणार, आम्ही आत जाणार, असं दिसू लागलं. शेवटी तुषारचं डोकं फिरलं. त्यानं गाडीच्या सीटकडे बोट केलं.

"वो क्या बैठा है मालिक. देख लो."

तो चिडून बोलला होता. पण कारकून खिडकीतून वाकला... नीट पाहिलं... मान हलवली, आणि शिक्का मारला.

नेवाशापर्यंत गाडी जड चालली. मी मागे बसायचो. माझ्यात आणि तुषारच्या पाठीत वीतभर जागा राहायची. पुढे सरकायला गेलो तर सरकता येत नव्हतं. मी हे त्याला सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

घरी पोचलो तेव्हा आत्या ओट्यावर होती. इंजिन बंद झालं तशी ती उठली. चेहरा उजळला तिचा.

"आला का कारभारी?"



"आत्या, मी तुषार."

तिनं ऐकलं नाही. वाट बघितल्यासारखी उभी राहिली.

"माधवा, तुमी दोघंच? पोरगं कुठं ऱ्हायलं?"

तुषारनं तिचे हात धरले. माशी हाकलावी तसे तिनं ते झटकले.

तिला माझं बोलणं ऐकू यायचं. शेजारच्या केशरबाईचं, कोंबड्यांचं, एसटीच्या हॉर्नचं. फक्त तुषारचं नाही. तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचा, तर ती म्हणायची, पायाला मुंग्या आल्या, आणि पाय पसरायची.

तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या टेबलापाशी आली. तिचा दंड तुषारनंच धरला होता.

"माजं पोरगं हरवलंय. साहेबाला अर्ज लिही."

मी लिहिला. वय, रंग, उंची, हनुवटीवरचा लहानपणचा भाजल्याचा डाग. सगळं तिनं बरोबर सांगितलं. तो डाग माझ्यासमोर होता, आणि ओला झाला होता.

"शेवटचं कुनी पाह्यलं त्याला?" मी विचारलं.

"कारभारी म्हनतो... शिवंवर ठिवून आलो."

सात वर्षं वाट बघून आत्या गेली. अग्नी तुषारनं दिला.

तो नेवाशातच असतो. बसस्टँडवर दिसला की मी मुद्दाम हाक मारतो, तो ओ देतो, आणि मला बरं वाटतं.

गेल्या महिन्यात हाक मारली. त्यानं वळून पाहिलं. ओठ हलले...

मला काही ऐकू आलं नाही. स्टँडवर गर्दी होती, त्यामुळे असेल.

मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही.