पलंगाचा स्टँड मोफत

डेस्कटॉप घ्यायचा की लॅपटॉप, यावरून हेमलता तांबट आणि तिचा नवरा दिगंबर यांचं आठ दिवस वाजलं होतं. ती घरी बसून पाठ्यपुस्तकांची पानं जुळवायची. तिला मोठा पडदा, दणकट कीबोर्ड आणि स्वतःचं टेबल हवं होतं. दिगंबरला ते टेबल काढून तिथे सोफा टाकायचा होता. शेवटी ठरलं, दुकानातला सल्लागार म्हणेल ते.

साताऱ्यातल्या त्या दुकानात सल्लागार म्हणजे माणूस नव्हे, संगणकातली यंत्रणा. निरगुडे नावाचा एक माणूस होता, पण तो फक्त सल्लागाराचं म्हणणं वाचून दाखवायचा आणि खोकी उचलायचा. गिऱ्हाईक आत शिरलं की पायाखालची फरशीच त्याची चाल वाचायची. मग काचेच्या पाटीवर पेनने सही करायची, चार ओळी टाइप करायच्या, की झाली निवड. पूर्वी लोक स्वतःच्या अकलेने चुकीची वस्तू घेत. आता तेवढाही त्रास उरला नव्हता.

हेमलताने सही केली, चार ओळी टाइप केल्या.

"लॅपटॉप," निरगुडे म्हणाला. "आणि मॅडम, तुम्हाला त्यावर पलंगाचा स्टँड मोफत."

दिगंबर छताकडे बघत विजयी हसला. हेमलताने विचारलं, पलंगाचा कसला स्टँड? निरगुडेने उत्साहाने समजावलं: पाठीला उशी लावून पडल्या पडल्या काम करता येतं, मान उचलावी लागत नाही. ती म्हणाली, मी रोज नऊ तास टेबलाशी ताठ बसते, मला डेस्कटॉप दाखवा. दाखवतो की, तो म्हणाला, पण इतरांना त्यावर तीन वर्षांची हमी असली तरी तुम्हाला चौदाच महिन्यांची मिळेल.

"चौदाच का?"

निरगुडेने आधी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "टेबलाशी बसण्याचा अंदाज तेवढाच दाखवतोय, मॅडम."

मग तिने एकेक प्रश्न विचारून त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. तिचं उजवं पाऊल जमिनीपासून पुरेसं उचललं जात नव्हतं. दोन अक्षरांच्या मध्ये बोट किंचित अडखळत होतं. पेनाची पकड सैल होती. लाखो लोकांच्या चाली साठवून सल्लागार शिकला होता, की मज्जातंतूंचा एक आजार जडण्याआधी माणसं नेमकी अशी चालतात. दिवाळीत तिने डॉक्टरांना पाय जड वाटतो म्हणून सांगितलं होतं. वयोमानाने होतं असं, म्हणून त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या. आणि दोन महिन्यांपासून तिच्या फोनवर न्हाणीघरात धरायच्या दांड्यांच्या जाहिराती येत होत्या. दुसऱ्या कुणाच्या चुकून येत असतील, असं तिला वाटलं होतं.

"दांडीवाल्यांना कळवता, मग मला का नाही कळवलं?"

"वैद्यकीय सल्ला द्यायचा परवाना नाही आम्हाला. आम्ही फक्त स्टँड देतो."

"आणि हे चुकलं तर?"

"स्टँड अजून कुणी परत आणून दिलेला नाही," निरगुडे म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या उशिरा लक्षात आलं.

दिगंबरने तिच्या कोपराला हात लावला. "हेमा, लॅपटॉपच घेऊ या का?"

एकोणतीस वर्षांत तो तिच्याशी इतक्या हळू बोलला नव्हता. फरशीचा, डॉक्टरांचा, दांडीवाल्यांचा मिळून आला नव्हता एवढा संताप तिला त्या आवाजाने आला.

"सोफ्यासाठी भांडा माझ्याशी," ती म्हणाली. "सकाळी भांडत होतात तसं. हा आवाज घरात चालणार नाही मला."

दिगंबरने हात काढून घेतला. सोफा तिथेच बसणार होता, दुसरीकडे जागाच नाही, असं तो बोलून गेला, पण त्यात जोर नव्हता.

तिने डेस्कटॉपवर बोट ठेवलं. काचेवर लगेच मजकूर उमटला: आपली निवड सल्ल्याविरुद्ध आहे, कारण नोंदवा. खाली तीन पर्याय होते. माहिती नीट समजली नाही. भावनेच्या भरात निर्णय घेतला. इतर.

हेमलताने 'इतर' निवडलं. वीस अक्षरांची जागा उघडली. तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण पहिल्याच अक्षरावर तिचं बोट थरथरलं आणि नको तिथे टेकलं. काचेने तेही मुकाट्याने टिपून घेतलं. ती त्या बोटाकडे बघत राहिली. ही थरथर संतापाची होती, याबद्दल सकाळपर्यंत तिला शंका आली नसती; आता तिला तरी कसं कळणार होतं?