दाटीची ओळ

कुडपणची येसूबाई घाट उतरून महाडला आली ती थेट कारखानिसांच्या ओसरीवर. खाजगी गुप्तहेराची पाटी लावल्यापासून १९३४ सालापर्यंत कारखानिसांकडे गिऱ्हाइकांची झुंबड कधी उडाली नव्हती.

“मी महिपतला डोंगरउतारावरची वरकस जमीन इकली, घर नाय,” येसूबाई म्हणाली. “आता तो म्हनतो घर बी त्याचं. मी जाऊ कुठं? शेजारची घरं मुंबैला गेली. बोलाया मानूस नाय.”

तिने टाइप केलेला कागद पुढे केला. शेवटी अंगठा, त्याच्यावर ओळ : राहते घरही दिले.

कारखानिसांचे मदतनीस सोनोपंत यांना स्वतःच्या हुशारीची कधी शंका येत नसे. “ही ओळ दाटीची आहे,” ते म्हणाले. “जागा पुरली नसेल.”

“जागा तर भरपूर होती. अंगठा इतका खाली का?” कारखानिसांनी येसूबाईला विचारलं.

“सरकारी कागद, सायेब. त्याच्या पायाशीच द्यावा ना?”

“मग कागद कोणाकडे होता?”

“माज्या पोराकडं, चांगूकडं. मुंबैला हापिसात टाइप करतो. सायबाला दाखवतो म्हनला. मंग महिपतला त्यानंच दिला.”

दुपारी महिपतला आणि कागद टाइप करणाऱ्याला बोलावलं. कचेरीबाहेर टाइप करणारा रावजी म्हणाला, “घराची ओळ माझी नव्हे. पण महाडात टाइपचं यंत्र माझंच एक.”

महिपत म्हणाला, “मला कागद असाच आला.”

“म्हणजे रावजीच,” सोनोपंत म्हणाले.

कारखानिसांनी रावजीकडून दोन ओळी टाइप करून घेतल्या आणि कागदाशेजारी धरल्या.

“सोनोपंत, दाटी हाताने लिहिताना होते. टाइपरायटर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देतो, जागा पुरो वा न पुरो. रावजीच्या सगळ्या ओळींत अक्षराखाली अक्षर येतं. शेवटच्या ओळीतही अंतर सारखंच आहे, पण कमी. ते दुसरं यंत्र, बारीक टायपाचं. महाडात ते नाही. कागद मुंबईला जाऊन आला, तो एकाच माणसाबरोबर.”

महिपतने मान खाली घातली. “चांगूनं घराचं पैसं येगळं घेतलं, सायेब. आय राजी हाय म्हनला.”

 

“फिर्याद केली की घर परत मिळेल,” कारखानीस म्हणाले. “पण चांगू तुरुंगात जाईल.”

“मंग फिर्याद नको.” तिने पदराने तोंड पुसलं आणि महिपतकडे वळली. “घर घे रे बाबा. येक खोली तेवडी मोकळी ठेव. गनपतीला पोर आला, तर उतरंल कुठं?”