कुणी हरवलेलं नसताना

नात पहिलीत गेली आणि एकसष्टाव्या वर्षी मी वाचायला शिकलो, ते वर्ष एकच. सूनबाई आम्हा दोघांना जेवणाच्या टेबलाशी शेजारी शेजारी बसवायची. नात भराभर पुढं गेली, मी जोडाक्षरांत अडकलो. "बाबा, इंजिन खोलता तसं अक्षर खोला," सूनबाई म्हणायची. "एकेक भाग वेगळा काढून ठेवा, मग जोडा." तिनं माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. ते काम नात करायची.

त्याच वर्षी थंडीच्या सुरुवातीला ती मोटर माझ्याकडे आली.

माझं वर्कशॉप धक्क्याला लागूनच आहे. वर पत्रा, खाली सिमेंटची जमीन, भिंतीशी लाकडी घोड्या आणि त्यांवर टांगलेल्या बोटींच्या मोटरी. खिडकीतून तलाव दिसतो. तो एवढा मोठा की पलीकडचा किनारा हवा स्वच्छ असेल तेव्हाच नजरेला पडतो. पलीकडच्या दवाखान्यात सूनबाई नर्स होती. रोज सकाळच्या लाँचनं जायची, संध्याकाळच्या लाँचनं यायची. मुलगा स्वतःच्या बोटीनं दोन्ही काठांवर माल पोचवायचा.

मोटर घेऊन आला तो हसरा. हा इथला जुना मच्छीमार. त्याचे दात आजवर कुणी पाहिले नाहीत, म्हणून सगळे त्याला हसरा म्हणतात.

"मिस्त्री, इंजिनातलं तेल वाढतंय."

"कमी होतंय म्हणायचंय का तुला?"

"वर कुठं आणि खाली कुठं, एवढं कळतं मला."

मी मोटर सरळ उभी केली. तिरक्या मोटरीत तेलाची पट्टी खोटं बोलते. तेल खाली बसू दिलं, पट्टी पुसली, परत घालून काढली. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं. थोडं बोटावर घेऊन वास घेतला. पेट्रोल. पाणी शिरलं असतं तर तेल दुधाळ दिसलं असतं. हे काळंच होतं, पण पातळ.

यात नवल काही नाही. फोर स्ट्रोक मोटर थंड पाण्यात तासन् तास अगदी हळू चालवली की ती पुरेशी तापत नाही. न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेनं खाली झिरपतं आणि तेलात मिसळतं. पट्टीला वाटतं तेल वाढलं.

"फार हळू चालवतोस," मी म्हणालो.

"मी? माझी बायको माझ्या बोटीत बसत नाही. म्हणते, पोचायच्या आधी जीव जाईल."

त्याचं खरं होतं. तो धक्क्यावरून सुटायचा तेव्हा बांधलेल्या सगळ्या बोटी हिंदकळायच्या. मग मी थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकून पाहिला. तो उघडाच अडकला असला तरी मोटर गार राहते. तो वेळेवर उघडत होता. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपातला रबरी पडदा फाटला तरी पेट्रोल तेलात उतरतं, म्हणून तोही बदलला. नवं तेल भरलं. आठवड्याभरात हसरा परत दारात. तेल पुन्हा दोन बोटं वर.

मग वाळूवाल्याची मोटर आली. मग दोघा जुळ्या भावांची. मग टपालाच्या बोटीची. सगळ्यांचं एकच रडगाणं, आणि हळू कुणीच चालवत नव्हतं.

मोटर उतरवायला मी वाळूवाल्याच्या बोटीत चढलो, तेव्हा मागच्या फळीवर एक खाच दिसली. ओली दोरी बराच वेळ घासल्यावर पडते तशी, ताजी. लाकूड आतून पांढरं दिसत होतं. बाकीच्या बोटी जाऊन पाहिल्या. प्रत्येकीच्या फळीवर तशीच खाच.

ती खाच मला ओळखीची होती, आणि ते तेलही. तलावात कुणी बुडालं की इथली एकूण एक बोट निघते. एका रांगेत, माणूस चालतो त्याहून हळू, मागं दोरीला लोखंडी आकडे सोडून तळ खरवडत जायचं. सापडेपर्यंत थांबायचं नाही, हा इथला नियम आहे. असा शोध झाला की पुढचा आठवडा माझ्याकडे मोटरींची रांग लागते. सगळ्यांत तेल वाढलेलं, सगळ्यांना पेट्रोलचा वास.

पण त्या वर्षी कुणी बुडालं नव्हतं.

मी हसऱ्याची मोटर ठेवून घेतली. घोडीवर टांगली. पेट्रोलची नळी काढली, आतलं उरलंसुरलं पेट्रोल काढून टाकलं, नवं तेल अगदी खुणेपर्यंत भरलं आणि कुलूप लावून किल्ली खिशात घातली. सकाळी उघडलं तर पट्टीवर तेल दोन बोटं वर. वरचं झाकण काढून इंजिनावर हात ठेवला. कोमट होतं. हळू चाललेलं इंजिन असतं तेवढंच कोमट. मोटरीच्या खालच्या पंख्यावरून पाणी ठिबकत होतं आणि खालची जमीन ओली होती.

मी स्टुलावर बसून राहिलो. हसरा आला, त्यानंही हात लावून पाहिला आणि लगेच काढून घेतला.

"मिस्त्री," तो हळूच म्हणाला, "कुणाला शोधतायत हे?"

घरी हे सांगायचं नाही असं ठरवून गेलो. पण माझ्या बायकोपुढं माझं ठरवणं चालत नाही. ताटावर बसल्या बसल्या तिनं सगळं काढून घेतलं. मुलगा हसला. "बाबा, पेट्रोलचा वास डोक्यात गेलाय तुमच्या."

सूनबाई पोळी वाढता वाढता थांबली. "पण बाबा, हरवलेलं माणूस तर पाहिजे ना आधी?"

"तेच म्हणतोय मी."

"मग आपण आहोत तेवढे मोजून घेऊ," ती म्हणाली आणि नातीच्या डोक्यावर चमच्यानं टकटक केलं. "ही एक. हे आजोबा दोन." नात खिदळली. बायको हसली नाही. रात्रंदिवस पाण्यावर असणारा आमच्या घरात एकच होता.

"त्याला पाण्यावर सोडू नका," ती मला म्हणाली. मुलगा समोर बसलेला असताना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी त्याची मोटर खोलली आणि भाग टेबलावर पसरून ठेवले. एक भाग मिळत नाही म्हणालो. त्याला सगळं कळत होतं. "कुठला भाग, बाबा? तुमच्या डोक्यातला?" असं म्हणाला, पण भांडला नाही. घरी राहून त्यानं खिडक्या रंगवल्या, नातीला सायकल शिकवली. सूनबाई जाताना त्याला चिडवायची, "आता घरधनीण तू. संध्याकाळी चहा तयार पाहिजे." आणि लाँच पकडायला पळायची. ती निघाली की मी कामात डोकं घालायचो. धक्क्यावर कुणी मुलाचं नाव घेतलं की मात्र मान वर व्हायची.

मोटरी येतच होत्या. मी तेल काढत होतो, भरत होतो.

मग एका आठवड्यात एकही आली नाही. मी स्वतः धक्क्यावर फिरून पट्ट्या काढून पाहिल्या. हसऱ्याची, वाळूवाल्याची, जुळ्यांची, टपालाची. तेल खुणेवर. पुढच्या आठवड्यात तसंच, त्याच्या पुढच्याही. फळ्यांवरच्या खाचा जुन्या दिसू लागल्या, लाकूड काळवंडलं. मला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

मी मुलाची मोटर जोडून दिली. तो बोटीत उडी मारून बसला तेव्हा मला हसू आलं.

बायको दारात उभी होती. "थांबला का तो शोध?"

"थांबला."

"आपल्याकडे शोध थांबतो कधी?"

मी साबण घेऊन हात धुवत राहिलो. हात स्वच्छ झाले तरी धुवत राहिलो.

त्या शनिवारी सकाळी वारा अचानक फिरला. भर तलावात लाँच एका बाजूला कलली. मुलगा तेव्हा पलीकडच्या काठावर पोती उतरवत होता, कोरडा ठणठणीत. लाँचमधली माणसं एकेक करून बाहेर निघाली. काही पोहून, काही फळ्या धरून. एका म्हातारीला हसऱ्यानं बोटीत ओढून घेतलं. ती दात वाजवत एकच सांगत होती, नर्सबाईनं मला ढकललं, फळीकडे ढकललं.

सूनबाई नव्हती.

बोटी निघाल्या. एका रांगेत. मुलगा सगळ्यांत पुढं. मी हसऱ्याच्या बोटीत बसलो. मोटर मंद फिरत होती, मागं दोरी फळीवरच्या खाचेत नेमकी बसली होती.

आकड्यांना काही लागलं नाही.

दुपारी शहरातून पाणबुड्या आला. लाँच कलली तिथं तो खाली गेला. बऱ्याच वेळानं वर आला, आमच्या बोटीची कड धरली आणि तोंडावरचा मुखवटा सरकवला.

"तुमचे आकडे कधीपासून फिरतायत इथं?"

"सकाळपासून," हसरा म्हणाला.

"नाही," पाणबुड्या म्हणाला. "खाली गाळात रेघाच रेघा आहेत. विंचरल्यासारख्या. जुन्या आहेत, वर गाळ बसलाय."

हसऱ्यानं दोरी ओढून आकडे वर घेतले.

"सगळ्या एकाच जागी येऊन संपतात." त्यानं हातानं दिशा दाखवली. तिकडे आम्ही अजून गेलोच नव्हतो. "तिथं बघू का?"

मुलाची बोट शेजारी आली होती. त्यानं मोटर बंद केली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"बघा," तो म्हणाला.

माझी सून, माझ्या नातीची आई, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, शनिवारी सकाळी तलावात बुडून गेली. वय चौतीस. त्याच दुपारी, रेघा संपल्या होत्या तिथं, ती सापडली.