एकशेवीस पौंडांची जागा

बिटांनी भरलेल्या ट्रकांच्या रांगेत मधेच एक घर येऊन उभं राहिलं, तेव्हा मारेनच्या कपाळावर आठी उमटली.

घर म्हणजे चाकांवरचा पांढरा फिफ्थ-व्हील ट्रेलर. त्याचं पुढचं नाक पिकअपच्या हौद्यावर टेकलेलं, आणि पिकअपचं बूड इतकं दबलेलं, की पुढचे दिवे आभाळाकडे बघत होते. रेड नदीच्या खोऱ्यात ऑक्टोबर लागला की अशी घरं येतात. बीट काढणीचे पंधरा-वीस दिवस राबायचं आणि बर्फ पडायच्या आत दक्षिणेला पळायचं, हा त्यांचा शिरस्ता. पण ती मुक्कामाच्या मैदानात जातात, मारेनच्या वजनकाट्यावर नाही.

तिने खिडकी सरकवली. "आत बीट आहेत का?"

"नाही. मी आहे." पिकअपमधला तरुण हसला. "लेलंड. आर्कान्सातून आलोय, काढणी झाली की ॲरिझोनाला. रस्ता चुकलो वाटतं..."

"रस्त्याचं राहू द्या. दार उघडा." ती खाली उतरली, पिकअपच्या दाराच्या कडेला चिकटवलेला कागद वाचला, आणि काट्याचे लाल आकडे पाहिले. काट्यावर पिकअपची फक्त चार चाकं होती. "हिची मर्यादा सहा हजार नऊशे. भरलंय सात हजार एकशे साठ."

"पण ही अकरा हजार पौंड ओढते. विकणारा म्हणाला."

"ओढेल हो! ओढण्याबद्दल कोण बोलतंय? घराचं नाक हिच्या पाठीवर बसलंय, ते पेलायचं कुणी?"

"त्याने पत्रकही दाखवलं..."

"त्या पत्रकात रिकाम्या घराचं वजन असतं. चमचासुद्धा नसलेल्या. तुम्ही चमच्याशिवाय राहता का?"

मागे हॉर्न वाजायला लागले. लेलंडने शांतपणे विचारलं, "तुम्हाला राग माझा आलाय, की त्याचा?"

"त्याचा. पण तो इथे नाहीये."

आठ वर्षं मारेन या काट्यावर होती. वीस पौंडांसाठी हमरीतुमरीवर येणारे शेतकरी तिने पाहिले होते. आणि हा बाबा एका गोडबोल्यावर विश्वास ठेवून ॲरिझोनाला निघणार, तेही डोंगरातून! घाटातल्या उतारावर हे घर त्याला ढकलत नेईल, आणि तो पत्रक दाखवत बसेल. दिवसभर ती धुमसत राहिली.

तिसऱ्या दिवशी ऊन तापलं. गरम बिटांचे ढीग सडतात, म्हणून अशा दिवशी काढणी थांबते. काटा रिकामा होता. न बोलावता लेलंड घर घेऊन आला.

"अवजारांची पेटी शेजाऱ्याला दिली. आता?"

"एकशेवीस जास्त."

पुढच्या तापलेल्या दिवशी त्याने जनरेटर विकला होता. त्याच्या पुढच्या खेपेला ओतीव लोखंडाचे आठ तवे वाटून टाकले होते. नवव्या तव्यात भाजलेली गरम मक्याची पाव-वडी त्याने खिडकीतून पुढे केली.

"ही लाच आहे का?"

"नाश्ता आहे. लाच असती तर वर मध असता."

तिने खाल्ली. वाफेने चष्मा धुरकटला, तो तिने बाहीला पुसला, आणि तो आपल्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर उगाचच पावत्यांचा गठ्ठा नीट केला. "सहा हजार आठशे ऐंशी," ती म्हणाली. "बसलं. आता जाऊ शकता."

तो खूश होईल असं तिला वाटलं होतं. तो फक्त "हं..." म्हणाला.

त्या रात्री मारेनला स्वतःचाच राग आला. ऊन पडलं की काम बुडतं, आणि ती रोज सकाळी ऊन पडायची वाट बघत होती.

काढणीच्या शेवटच्या दिवशी, सगळे ट्रक गेल्यावर, तो पुन्हा आला. आरामखुर्ची नव्हती, कपाट नव्हतं.

"आता कशाला? बसलं होतं ना?"

"थोडी जागा हवी होती."

जागा! म्हणजे वाटेत कुणीतरी चढणार. कुणीतरी वाट बघत असणार, बॅग भरून, केस विंचरून... आणि आपण मूर्खासारखे त्याचे तवे मोजत बसलो. मारेनचे कान तापले.

"एकशेवीस पौंडांची जागा आहे," ती थंडपणे म्हणाली. "कुणाला घेणार आहात ते सांगा, म्हणजे बसते का बघू."

"तुला."

मारेनची नजर लाल आकड्यांवरून त्याच्याकडे गेली.

"वजन किती तुझं?" त्याने विचारलं.

"बाईला वजन विचारतोस?"

"पंधरा दिवस तू माझं विचारते आहेस."

मारेन खाली उतरली. जाड कोट काढला, बूट काढले, आणि मोज्यांनिशीच त्याच्या शेजारी जाऊन बसली. लाल आकडे हलले आणि थांबले. सहा हजार नऊशे वीस.

लेलंडचे ओठ वजाबाकी करू लागले.

"आकडा तोंडातून काढलास तर बघ."

"नाही काढत. वीसच तर जास्त आहेत, चालून..."

"वीसच?" ती ताडकन खाली उतरली. "चालून जाईल म्हणणाऱ्यांनीच तुला हे घर विकलं ना? मी अशा गाडीत बसणार नाही. तुलाही बसू देणार नाही." पिकअपच्या मागे जाऊन तिने हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा सोडल्या, साठ पौंडांचा तो फाळका एकटीने उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला. मग धापा टाकत परत येऊन बसली.

सहा हजार आठशे साठ.

"चाळीस पौंड शिल्लक," ती म्हणाली. "तेवढ्यात माझी बॅग बसेल. एप्रिलच्या पेरणीला मला इथे परत आणून सोडायचं. आणि... मला तू आवडतोस. हे मी मघाशीच सांगणार होते, पण तुझ्या त्या जागेचा मला भयंकर राग आला होता. अजून गेलेला नाही."

"कुठपर्यंत राहील?"

"ॲरिझोनापर्यंत तरी," मारेन म्हणाली, आणि बॅग भरायला उतरली.